चांगुणाकाकींची ओळ

पाऊस जोरात लागला की मी फोन पालथा ठेवते. ऑफिसात अजून कुणी कारण विचारलेलं नाही आणि विचारलं तरी मी सांगेन असं नाही. वेल्ह्याकडे, पासली गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच वर, तीन घरांची एक वाडी आहे. तिच्या मागचा डोंगर हळूहळू सुटतो आहे. मधल्या घरात चांगुणाकाकींची सून आणि तिची लहान मुलगी राहतात, आणि या दोघींनी त्या घरात राहू नये एवढंच काकींचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी थोडं जवळून पाहिलं. पण काकी मला आठवतात त्या डोंगरापासून नाही. झिनियांपासून आठवतात.

वरवे बुद्रुकला हायवेच्या कडेला एक नर्सरी आहे. भोरची इंग्रजी शाळा आणि नंतरचं कॉलेज संपल्यावर मी तिथे कामाला लागले. बियांची पाकिटं भरायची, त्यांच्यावरचा मजकूर लिहायचा, फोटो काढायचे, ट्रेमध्ये बी पेरून उगवण बघायची. माणसांशी फार बोलावं लागत नसे म्हणून मला ते काम आवडायचं. नर्सरीच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते बुटक्या झिनियाचं बी एकाच ठिकाणाहून घ्यायचे. एकदा पाकिटासाठी फोटो हवे होते, तेव्हा त्यांनी मला तिकडे पाठवलं. जाताना एवढंच म्हणाले, "बाई तिखट आहे. तू बोलत नाहीस ते बरंच आहे."

झिनिया तशी उंच होते. कमरेला लागते आणि वाऱ्यात लोळते. पुण्यातल्या बाल्कनीत ती चालत नाही. तिथे बुटकी, गच्च फांद्यांची हवी. पण फुलं तोडून पेल्यात ठेवायची तर देठही हवा. बुटकेपणा आणि लांब देठ या दोन गोष्टी एका झाडात सहसा नांदत नाहीत. काकींच्या झाडांत नांदायच्या.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. मी पायवाटेनं वर पोचले तेव्हा एक बाई चांगली हिरवीगार झाडं मुळासकट उपटून शेळ्यांपुढे टाकत होती. लुगड्यावर पुरुषी फुलशर्ट, बाह्या दुमडलेल्या, अंगानं किरकोळ. मला राहवलं नाही. "अहो, ती चांगली आहेत," मी म्हणाले.

"चांगली हायती म्हनूनच," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांनी कोपर जमिनीवर टेकवलं, हात सरळ उभा धरला आणि मधल्या बोटाचं टोक मला दाखवलं. "ह्येच्या वर गेली का काढायची. उमलायच्या आत. उमलली का माशी बसती, तीच माशी खालच्या झिनीवर जाती, आन फुडच्या सालाला समदं रान ताडमाड. वाढली म्हंजी माजली." मग त्यांनी वर पाहिलं. मी चांगलीच उंच आहे. "तू न्हवं," त्या म्हणाल्या. "तू उबी ऱ्हा."

त्यांच्या तोंडी झिनियाचं झिनी झालं होतं आणि अनेक झाल्या की झिन्या. कितीतरी वर्षांपूर्वी पानशेतच्या बाजूला कुणाच्या तरी बंगल्यात त्या खुरपणीला जायच्या. बंगला विकला गेला, बागेत बुलडोझर फिरायच्या आदल्या दिवशी काकींनी वाळलेली बोंडं पदरात भरून आणली. "चोरल्या न्हाईत," त्या स्वतःहून सांगायच्या. "वाळल्यालं कुनाचं नसतं." त्या मिसळीतून दरवर्षी उंच उपटत, बुटकी राखत त्यांनी हे वाण घडवलं होतं. त्याला नाव नव्हतं. पाकिटावर सरांनी काहीतरी इंग्रजी नाव घातलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकी म्हणाल्या, "बरं हाय. कुत्र्याला शोभंल."

त्या वावराचा त्यांना फार अभिमान. घरांच्या मागे, उतारावर, पूर्वी नाचणी व्हायची तो लांबट तुकडा. झिनियाला पावसाचा मार सोसत नाही, पान ओलं राहिलं की त्यावर भुरीची पांढरी बुरशी चढते, आणि वेल्ह्याकडचा पाऊस तर सगळ्यांना माहीतच आहे. पण काकी बांबूच्या कमानींवर प्लास्टिक ताणून पावसाळ्यातही एक लॉट काढायच्या, गौरी-गणपतीच्या फुलांसाठी. "मुळाला पानी, पानाला वारं," असं त्या म्हणायच्या. आणि मग टाच आपटून जमीन दाखवायच्या. "कितीबी पडू दे, हितं पानी ऱ्हात न्हाई. कुठं जातं कुनास ठाव, पर ऱ्हात न्हाई."

त्या वेळी मला ते कौतुकाचंच वाटलं होतं.

फूल तोडायची त्यांची रीत अशी: देठ फुलाच्या वीतभर खाली दोन बोटांत धरायचा आणि हलवायचा. फूल डुललं तर सोडून द्यायचं. देठ काठीसारखा ताठ राहिला तरच कापायचं, तेही पानांच्या जोडीच्या वर, म्हणजे खालून दोन फुटवे येतात. वावरात एक जांभळीचं झाड होतं. त्या पहिल्या दिवशी त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि झोळीत त्यांची नात होती, दोन-अडीच महिन्यांची. सून शीतल तिला पाजायला घेत होती. काकी फुलं हलवत ओळीनं पुढे जात होत्या. "हिनं धरली मान. हिनं न्हाई. हिनं धरली." झोळीपाशी आल्यावर शीतलच्या हातातल्या बाळाच्या मानेखाली त्यांनी पंजा घातला. "हिनं अजून न्हाई. नीट धर गं, भोंगवली."

शीतल भोंगवलीची. तिला तिथे नावानं कमी आणि गावावरून जास्त हाक मारायचे. भोंगवलीकडचं रान सपाट, म्हणून उतारावरच्या प्रत्येक चुकीला ते कारण पुरायचं.

काकींना सगळ्यांत जास्त राग वाकड्या ओळीचा यायचा. वाफ्यावर सुतळी ताणल्याशिवाय त्या एक बी टाकत नसत. एक खुंटी खडकापाशी, ती काकींची. दुसरी पार जांभळीच्या पलीकडे, ती शीतलची. सुतळी ताणायची, बोटाच्या पेराएवढी रेघ ओढायची, बी टाकून भुरभुरीत माती लोटायची. उगवलं की काकी खडकापाशी ओणव्या होऊन एक डोळा मिटून ओळीतून बघायच्या. त्या दिवशीही बघितलं, आणि भडकल्या. जांभळीपर्यंत ओळ बाणासारखी होती. तिथून पुढे ती खाली कलली होती, जेमतेम चार बोटं.

"दोरी खाली धरलीस."

"न्हाई आत्या, सरळ धरलेली."

"मग काय वळ आपल्या पायानं खाली ग्येली? सपाट रानातली तू, तुला उताराला दोरी धराया काय येतंय!"

मी कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला. तो लावला की माणूस आपल्याला मधे ओढत नाही.

फुलं निघाल्यावर काकींनी जांभळीपुढचा सगळा वाफा मोडून पुन्हा बांधला, सरळ. दसऱ्यानंतर त्याच्यावर हिवाळी लॉट पेरला. मी मार्गशीर्षात परत गेले तेव्हा ओळ पुन्हा तिथूनच कलली होती आणि शीतल पुन्हा बोलणी खात होती. या वेळी ती रडली. आत जाऊन रडली, पण दार लागत नव्हतं म्हणून दिसली. त्या घराचं दार त्या वर्षी चौकटीत अडकायला लागलं होतं. काकींनी सुताराला बोलावून ते रंध्यानं तासून घेतलं होतं आणि तासूनही ते बसत नव्हतं. "लाकूड फुगलंय," काकी म्हणाल्या. थंडीचे कोरडे दिवस होते.

वाडीतलं पहिलं घर काकींच्या दिराचं, बबनतात्यांचं. तिसरं घर त्यांच्याच चुलत्यांचं. तिथे म्हातारा-म्हातारी दोघंच असायची. बबनतात्या जाड, हसरे, सतत कुणाची तरी टर उडवणारे. त्यांच्या आणि काकींच्या घरात एक जुनं भांडण होतं आणि ते झिनियांवरूनच होतं. तात्यांच्या बायकोनं कधीतरी हौसेनं बाजारातली मोठी लाल झिनिया तुळशीपाशी लावली होती. छातीएवढी वाढली, ताटलीएवढी फुलं आली, येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. काकींनी चार दिवस सांगून पाहिलं. पाचव्या दिवशी पहाटे जाऊन सगळी उपटली आणि तुळशीपाशीच नीट जुडी बांधून ठेवली. जाऊबाई सहा महिने बोलल्या नाहीत. तात्या मात्र जो भेटेल त्याला ती गोष्ट सांगायचे. "आमच्या वैनीचा भरवसा न्हाई. उद्या म्हनतील, बबनचं डोकं लई वर आलंय."

काकी हसायच्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. माशी लांबवर जाते, आणि वाण एकदा बिघडलं की परत येत नाही. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपायचा.

पुढच्या वर्षीचा पाऊस लागून थोडे दिवस झाले होते. सरांना नव्या पाकिटासाठी वेगवेगळ्या हंगामांतले फोटो एकाच जागेवरून घेतलेले हवे होते. मी नेहमी खडकापाशीच उभी राहायचे, त्यामुळे ते होतेच. परवाच जाऊन आणखी काढले होते. नर्सरीतल्या संगणकावर मी ते एकाखाली एक लावले. पहिल्यात ओळ जांभळीपाशी कललेली. दुसऱ्यात, मोडून बांधल्यानंतरच्या, पुन्हा तिथेच. तिसरा नव्या लॉटचा, वळवाआधी सरळ पेरलेला. त्यात ओळ जांभळीपाशी मोडल्यासारखी होती. आणि मग मला जांभूळ दिसली. तिन्ही फोटोंत ती सारखी नव्हती. दर फोटोत थोडी जास्त घरांकडे झुकली होती. तिसऱ्या फोटोत झोळी बुंध्यापासून लांब, हवेत लोंबत होती.

मी सरांना काही सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी वेल्ह्याची एसटी पकडली.

काकी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी फोनवर फोटो दाखवले. बोलून सांगायला मला नीट जमलं नसतं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ही कवाची?"

"गणपतीच्या आधीची."

"आन ही?"

"परवाची."

त्यांनी बोटानं फोटो मागे नेला, पुढे आणला, परत मागे नेला. शेजारी शेळी ओरडत होती. मग एवढंच म्हणाल्या, "म्या दोनदा सरळ क्येली." त्या मला सांगत नव्हत्या.

"शीतल!" त्यांनी हाक मारली. शीतल पिठाचे हात घेऊन बाहेर आली. काकींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे मलाही कळलं आणि तिलाही कळलं असावं, कारण ती थांबली. "काय न्हाई," काकी म्हणाल्या. "पोरीला घ्ये आत."

मग त्या मला वावराच्या वर घेऊन गेल्या, कारवीच्या झुडपांत. तिथे जमिनीला एक भेग होती. ती त्यांना ठाऊक होती. गेल्या वर्षी शेळीचा पाय त्यात अडकला तेव्हापासून त्या तिथे दगड आणि शेणमाती भरत आल्या होत्या. आपली वाट नीट ठेवावी, तसं. आता भरलेलं सगळं आत गेलेलं होतं. काकी पालथ्या पडल्या आणि त्यांनी हात खांद्यापर्यंत आत घातला. माझ्याकडे तोंड होतं त्यांचं, गाल मातीला लागलेला.

"बूड लागंना," त्या म्हणाल्या. "वारं लागतंय. गार."

उठून त्यांनी हात लुगड्याला पुसला, मग पुन्हा पुसला.

त्या दिवसापासून काकींनी ती ओळ सरळ केली नाही. एवढं ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्या किती भ्याल्या आहेत ते कळलं असतं. पण ठाऊक होतं ते शीतलला आणि मला. सकाळी उठून त्या खडकापाशी जायच्या, ओणव्या व्हायच्या, एक डोळा मिटायच्या. मला फोन यायचे. आधी कधी त्यांनी मला फोन केला नव्हता. "जांभळीफुडची आनखी खाली ग्येली," असं सांगून, मी काही म्हणायच्या आत फोन ठेवायच्या. एकदा झऱ्याचं सांगितलं. खडकाखालचा झरा आटला होता, आणि भर पावसात, तात्यांच्या गोठ्यामागे, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे लाल पाणी निघत होतं.

त्यांनी तात्यांना हाताला धरून खडकापाशी आणलं. मी तेव्हा तिथे होते. तात्या वाकले, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं आणि सरळ झाले.

"वैनी, तुमचीच नदर तिरकी झाली असंल."

"बबन, डोंगर सरकतोय."

"आपल्या आज्याच्या आधीपासनं हाय त्यो डोंगर."

"आज्यानं दोरी लावून बघितला नव्हता."

"बरं, सरकतोय. मग काय करू? म्हशी घिऊन पुन्याला जाऊ? फ्लॅट बघू?" तात्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. मग एकदम त्यांचं हसू गेलं. "आमची फुलं उपाटली, आमी गप बसलो. आता आमालाबी उपाटताय व्हय?"

आपल्या फुलांपायी माणसांची पर्वा न करणारी बाई, हे त्यांनीच स्वतःच्या हातानं वाडीला पटवून दिलेलं होतं. आता तीच बाई फुलांची ओळ दाखवून म्हणत होती की घरं सोडा.

तलाठी येऊन गेले. भेगेत काठी घालून पाहिली, मोबाईलवर फोटो काढले, वरनं माणसं येऊन बघतील असं सांगितलं. पाऊस वाढला तर खालच्या मराठी शाळेत जाऊन राहा, म्हणाले. ते भल्या मनानं बोलत होते. पण 'वाढला तर' म्हणजे किती, हे तात्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगता आलं नाही.

आषाढात पाऊस तीन दिवस उघडला नाही. शीतल रोज सकाळ-संध्याकाळ वावरात जायचीच. कळ्या धरल्या होत्या, प्लास्टिकवरचं पाणी काढावं लागायचं, शेंडे खुडायचे होते, आणि पोरगी घरात एकटी कशी ठेवायची म्हणून ती झोळीत, जांभळीला. काकींनी झोळी काढून आणली की ती परत बांधायची. घर सोडायचं तर बियाणाचं काय, असं ती विचारायची. हा प्रश्न तिला काकींनीच शिकवलेला होता.

चौथ्या दिवशी शीतलचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, आत्यांनी समदं उपाटलं."

"उंच झाली होती का?"

"समदं. बुटकी, कळ्या, समदं. एक ठिवली न्हाई. शेळ्या खात्यात." मागे पाऊस आणि शेळ्यांच्या घंटांचा आवाज येत होता. "म्या इचारलं, का? तर म्हनल्या, आता तुला वर काय काम ऱ्हायलं? चल खाली."

त्या दिवशी तिन्ही घरं शाळेत उतरली. तात्यासुद्धा. ज्या बाईनं एवढी वर्षं एकेका झाडावर कोपर टेकवून वाण राखलं, तिनं ते मुळासकट शेळ्यांना घातलं, हे बघून तात्यांच्या बायकोनं आधी बोचकं बांधलं. तात्या तिच्या मागून म्हशी सोडवून निघाले. काकींनी सरांना फोन केला. "औंदा बी न्हाई," म्हणाल्या. सर काहीतरी विचारत होते, तोवर फोन बंद.

आणि डोंगर पडला नाही.

हे सांगायला मला संकोच वाटतो. पडायला हवा होता असं नाही. पण शाळेच्या एका खोलीत तीन घरं, ओली अंथरुणं, म्हशी कुणाच्या तरी पडवीला, आणि रोज सकाळी ढग उचलला की डोंगर होता तिथेच. रस्त्यानं जाणारे खालून हाका मारायचे, "काय तात्या, कसा हाय डोंगूर?" तात्या आधी हसून उत्तर द्यायचे, मग देईनासे झाले. पावसानं उघडीप दिली. शाळा भरवायची म्हणून गुरुजींनी हळूच विचारलं. आधी तात्या म्हशी घेऊन वर गेले, मग त्यांची बायको, मग म्हातारा-म्हातारी. काकींचा मुलगा महेश शिरवळला कंपनीत कामाला, रविवारी यायचा. तो आला आणि थेट बायकोला म्हणाला, लोकांच्या ओट्यावर किती दिवस?

शीतल वर गेली. मी तिला भेटले तेव्हा ती चूल सारवत होती.

"ताई, तुमी मला बोलू नका," ती आधीच म्हणाली. मी बोलणार नव्हतेच. "हितं माजी चूल हाय. आधी वळ वाकडी म्हनून शिव्या खाल्ल्या. आता वळ वाकडी म्हनून घर सोडू? मानसानं किती ऐकायचं?" तिच्या मागे दार उघडंच होतं. आता ते चौकटीपर्यंतही येत नव्हतं. अंगणाच्या पलीकडे नवा वाफा बांधलेला दिसत होता. सरांनी मागच्या वर्षीचं शिल्लक बी महेशकडे परत पाठवलं होतं, मी मजकूर लिहिलेल्या पाकिटांतलं. तिनं एकटीनंच पेरलं होतं, सुतळी न लावता.

काकी वर राहायला गेल्या नाहीत. शाळेच्या मागे अंगणवाडीचं रिकामं सामानघर होतं, तिथे राहिल्या. त्यांनी सुनेशी एकच सौदा केला. दिवसा पोरगी वर आईजवळ. दिवस कलला की काकी वर जाणार आणि तिला खाली झोपायला घेऊन येणार. शीतल याला का तयार झाली ते मला नीट माहीत नाही. कदाचित रोजची कटकट मिटावी म्हणून. कदाचित दुसरंही काही असेल. पोरीचा दूधभाताचा डबा ती रोज स्वतः भरून द्यायची, आणि काकी पायवाटेच्या वळणापर्यंत पोचेस्तोवर अंगणात उभी राहायची.

"फकस्त रातचीच का?" मी विचारलं होतं.

"दिसा मानूस पळंल," काकी म्हणाल्या. "झोपल्यालं कुठं पळतंय?"

नर्सरी सोडण्याआधी मी शेवटची तिकडे गेले ते भाद्रपदात. पुण्यात नोकरी मिळाली होती, तेवढं सांगायचं होतं. शेवटच्या एसटीला वेळ होता. शाळेच्या पायरीवर बसून मी वाट बघत होते तेव्हा काकी पायवाटेनं उतरताना दिसल्या. कडेवर नात, दोघींवर मिळून एक प्लास्टिकचा कागद. त्या भरभर चालत होत्या, त्या वयाच्या बाईनं चिखलात चालू नये इतक्या भरभर. वाटेत कुणीतरी काही विचारलं, त्यांनी थांबून उत्तर दिलं नाही. शाळेपाशी पोचल्यावरच श्वास टाकला.

त्या पायरीवर बसल्या आणि पोरीला मांडीवर घेऊन डब्यातला दूधभात कालवायला लागल्या. पोरगी आता मान कसली, सगळं अंगच ताठ धरून बसत होती. मी नोकरीचं सांगितलं.

"पुन्याला व्हय. कितव्या मजल्याव ऱ्हानार?"

"चौथ्या."

"आन खाली?"

"पार्किंग आहे."

"म्हंजी मोकळंच." त्यांनी थोडा विचार केला. "जा. फोन करीन म्या." मग एक घास पोरीला देऊन म्हणाल्या, "न्हाई क्येला तर समज बरं हाय."

अंधारायला लागलं होतं. ढग डोंगराच्या निम्म्यावर होता. त्याच्या खाली, काळ्या उतारावर, तात्यांच्या घरचा दिवा लागला. मग शेवटच्या घरचा. मधलं घर थोडा वेळ दिसलंच नाही, मग तिथेही पिवळा ठिपका उमटला. काकी डोंगराकडे पाठ करून बसल्या होत्या. तसं बसता यावं म्हणून त्यांनी पायरीवरची माझी जागा मला बदलायला लावली होती.

पोरीचं तोंड मात्र तिकडे होतं. तिनं भाताचं बोट वर केलं आणि त्या मधल्या दिव्याकडे नेलं.

"आई," ती म्हणाली.

काकींनी मागे वळून पाहिलं नाही. "व्हय," म्हणाल्या. "खा."